दहाचा मोह

नमस्कार श्रोतेहो.

नेमबाजी म्हटलं की कानठळ्या बसवणारा आवाज आठवतो. एअर रायफलच्या रेंजवर मात्र नुसतं ‘फट्’ होतं आणि मग बराच वेळ शांतता. १० मीटरवर कागदी लक्ष्य असतं. त्यातला दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर, आणि आपला छर्रा साडेचार मिलिमीटरचा!

हात स्थिर ठेवायला शिकलं की जमलं, असं नवख्याला वाटतं. पण हात स्थिर राहतच नाही. हृदयाच्या ठोक्यासरशी नेम हलतो. ठोके मंदावणारी बीटा ब्लॉकर औषधं या खेळात बंद आहेत, ती उगाच नाही. नेम दहावरून सरकताना दिसला की ‘आत्ता!’ म्हणून आपण घोडा खेचतो आणि छर्रा सातवर जातो. खरं तर ती थरथर चालू द्यायची आणि घोडा सावकाश दाबत राहायचा, इतका की तो सुटला कधी हे आपल्यालाही कळू नये. सांगायला सोपं आहे. दहाचा मोह सुटता सुटत नाही.

काडतुसाची बंदूक शिकवताना गुरुजी एक खोडी काढतात. आपल्या नकळत एखादं नकली काडतूस भरून ठेवतात. घोडा दाबला की नुसतं ‘टक्’. आवाज नाही, धक्का नाही, तरी नळीचं तोंड झपकन खाली जातं. धक्का यायच्या आधीच अंग दचकून मोकळं! माझी नळी अशी खाली गेली तेव्हा मला आधी हसू आलं, मग लाज वाटली.

बड्यांनाही हा खेळ सोडत नाही. अमेरिकेच्या मॅथ्यू एमन्सनं २००४च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये सुवर्ण हातात आलेलं असताना शेवटची गोळी शेजाऱ्याच्या लक्ष्यावर मारली. गुण शून्य, क्रमांक आठवा. २००८ला बीजिंगमध्ये तो पुन्हा आघाडीवर होता. शेवटच्या गोळीला ४.४ गुण मिळाले आणि तो चौथा आला.

इथं लक्ष्य पळत नाही, समोरचा डाव टाकत नाही. चुकलं तर बोट दाखवायला कुणीच नसतं. लोक याच्यासाठीच परत परत येतात, असं मला वाटतं. मला स्वतःला दहापेक्षाही एक गोष्ट जास्त आवडते. छर्रा सुटताक्षणी, लक्ष्याकडे न बघता, मनाशी म्हणायचं, ‘उजवीकडे, आठ.’ मग बघायचं. उजवीकडे, आठच.