थांबू की जाऊन येऊ?

कॉटशेजारी बसलेली मुलगी डॉक्टरांना विचारते, "मी घरी जाऊन येऊ का? की थांबू?"

कॅन्सरच्या अखेरच्या टप्प्यातला याहून रास्त प्रश्न नाही. दूर राहणाऱ्या भावाला आजच बोलवायचं की उद्या, हेही त्यावरच ठरतं.

डॉक्टरांचा अंदाज मात्र फार वेळा चुकतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या शिकागोतल्या एका अभ्यासात ४६८ रुग्णांचे अंदाज तपासले गेले. त्यातले जेमतेम २० टक्के बरोबर निघाले. ६३ टक्के वेळा डॉक्टरांनी प्रत्यक्षापेक्षा जास्त दिवस सांगितले होते. रुग्णाशी ओळख जितकी जुनी, तितका अंदाज कच्चा. मला यात त्यांचा दोष दिसत नाही. ज्याच्यावर जीव जडला, त्याचे दिवस मोजवत नाहीत.

पुढे डॉ. डेव्हिड हुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिवस मोजण्याऐवजी माणसाकडे बघायचं ठरवलं. अमेरिकेतलं ह्यूस्टन आणि ब्राझीलमधलं बारेतोस इथले ३५७ रुग्ण, आणि दर बारा तासांनी ५२ शारीरिक खुणांची नोंद. २०१५ साली निष्कर्ष आले. शेवटच्या तीन दिवसांची चाहूल देणाऱ्या आठ खुणा हाती लागल्या होत्या, आणि त्यातल्या काही चेहऱ्यावरच दिसतात.

जवळून बघा. नाकाच्या कडेपासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत उतरणारी रेघ सैल पडते, पुसट होते. पापण्या पूर्ण मिटत नाहीत. झोपेतही डोळ्यांची पांढरी फट दिसत राहते. मान मागे कलते. श्वास सोडताना घशातून कण्हल्यासारखा आवाज येतो. हाक मारली तरी प्रतिसाद येईनासा होतो.

नर्सना हे पूर्वीपासून जाणवत असणार. आता त्याला नोंदींचा आधार मिळाला.

पण एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. खुणा दिसल्या तर वेळ जवळ आली असं बऱ्याच खात्रीनं म्हणता येतं. दिसल्या नाहीत म्हणून निर्धास्त होता येत नाही. काहींच्या बाबतीत त्या दिसतच नाहीत.

खुणा ओळखल्या की सुया टोचणं, रक्त काढणं थांबवता येतं. वेदनेचं औषध तेवढं चालू राहतं. आणि बोलणंही चालू ठेवावं. कॅनडात २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रतिसाद थांबलेल्या काही रुग्णांचा मेंदू अखेरच्या तासांतही आवाज टिपताना दिसला.

मुलगी घरी गेली नाही. तिनं भावाला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि फोन बाबांच्या कानाशी धरला.