पुराच्या घरात मेनोनाइट

[दृश्य: अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावरची गल्ली. प्रत्येक घरापुढे भिजलेल्या सामानाचा ढीग.]

पाणी उतरल्यावर पहिले पंधरा दिवस मदतीला माणसं कमी पडत नाहीत. पाण्याच्या बाटल्या येतात, कपड्यांचे गठ्ठे येतात, पुढारी येतात, वाहिन्यांच्या गाड्या येतात. सहा महिन्यांनी त्याच गल्लीत गेलं, तर छपरांवर ताडपत्र्या तशाच असतात, भिंती उघड्या असतात, आणि घरमालक विम्याच्या कागदांशी झटत असतो. मेनोनाइट डिझास्टर सर्व्हिस ही संस्था पहिल्या दिवसांत गाळ काढायलाही येते. पण तिचं खरं काम सुरू होतं ते इतरांचं संपल्यावर.

मेनोनाइट हा ख्रिस्ती धर्मातला एक जुना, छोटा पंथ. जानेवारी १५२५ मध्ये झुरिकमध्ये काही तरुणांनी एकमेकांना पुन्हा बाप्तिस्मा दिला. तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा खरा नाही, श्रद्धा माणसानं जाणतेपणी स्वीकारायची, असं त्यांचं म्हणणं. दोन वर्षांत त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला लिमात नदीत बुडवून मारण्यात आलं. नेदरलँड्समधल्या मेनो सिमन्स या धर्मगुरूनं १५३६ मध्ये कॅथलिक चर्च सोडलं आणि विखुरलेल्या या लोकांना सावरलं. पंथाचं नाव त्याच्यावरून पडलं. शस्त्र उचलायचं नाही, सैन्यात जायचं नाही, शपथ घ्यायची नाही, ही त्यांची वळणं त्याच काळातली.

या पंथात मुलांना हमखास सांगितली जाणारी एक गोष्ट आहे. १५६९ साली नेदरलँड्समधल्या आस्पेरन गावी, पुन्हा बाप्तिस्मा घेतल्याबद्दल कैदेत असलेला डिर्क विलेम्स नावाचा माणूस पळाला. गोठलेल्या पाण्यावरून तो निसटला, पण पाठलाग करणारा शिपाई पातळ बर्फ फुटून आत पडला. डिर्क मागे फिरला, त्याला बाहेर ओढलं, आणि पकडला गेला. त्याला जिवंत जाळलं. या गोष्टीत कुणी जिंकत नाही, चमत्कार होत नाही. पंथाला त्यातली मागे फिरण्याची कृती तेवढी महत्त्वाची वाटते.

[दृश्य: कॅन्ससची सपाट शेतं, जुनी छायाचित्रं.]

शस्त्र नाकारणाऱ्याला युद्धकाळात शेजारी माफ करत नाहीत. पहिल्या महायुद्धात अमेरिकेत मेनोनाइटांच्या प्रार्थनाघरांना भित्रेपणाची खूण म्हणून पिवळा रंग फासला गेला. दुसऱ्या महायुद्धात सरकारनं वाट काढली. १९४१ ते १९४७ या काळात सुमारे बारा हजार तरुणांनी सैन्याऐवजी नागरी सेवा केली. त्यांत सर्वांत मोठा गट मेनोनाइटांचा होता. जंगलातले वणवे विझवणं, मातीची धूप अडवणं, मनोरुग्णालयांत पडेल ते काम करणं, असं त्यांचं स्वरूप. सरकारी पगार नव्हता. छावण्यांचा खर्च त्यांच्या चर्चेसनी उचलला.

ही मुलं घरी परतली ती हाताला काम शिकून, आणि एक प्रश्न घेऊन. युद्ध नाही म्हटलं, ते ठीक. पण शांततेच्या काळात करायचं काय? १९५० मध्ये कॅन्ससमधल्या हेस्टन गावाजवळ रविवारच्या धर्मवर्गांतल्या तरुण जोडप्यांच्या सहलीत याच्यावर बोलणं झालं आणि एक छोटी संघटना उभी राहिली. तिनं सुरुवातीलाच कॅन्ससमधल्याच विचिटा शहराच्या पुरात वाळूची पोती रचली. पुढे तिचंच नाव मेनोनाइट डिझास्टर सर्व्हिस झालं. १९६४ मध्ये मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची चर्चेस जाळली गेली, तेव्हा ती परत उभारणाऱ्यांत हे सुतार होते. ज्या आपत्तीला वाऱ्यानं नव्हे, माणसानं हात लावला, तिथेही हातोडा तोच.

[दृश्य: लाकडी घराचं दार. स्वयंसेवक बूट चढवताहेत.]

आता घरात शिरू. शिरण्यापूर्वी मात्र तीन गोष्टी होतात. घरमालकाची लेखी परवानगी घेतली जाते. वीज मुख्य खटक्यावर आणि गॅस मीटरपाशी बंद आहे ना, हे पाहिलं जातं. आणि एकही वस्तू हलवण्यापूर्वी प्रत्येक खोलीचे, पाण्याच्या रेषेचे, उपकरणांवरच्या क्रमांकांचे फोटो काढले जातात. आपल्याकडच्या पंचनाम्याची जागा तिथे हे फोटो घेतात. उत्साही पोरं पहिल्याच तासात सोफा बाहेर फेकतात आणि विम्याचा पुरावा त्याच्याबरोबर जातो. म्हणून गटप्रमुख फोटो झाल्याशिवाय कुणाला हात लावू देत नाही.

पुराचं पाणी म्हणजे सांडपाणी, रॉकेल, कीटकनाशक, मेलेली जनावरं, सगळं आलं. रबरी बूट, जाड हातमोजे, एन-९५ मास्क, चष्मा, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. फ्रीज उघडायचा नाही. त्याला पट्ट्या गुंडाळून, दार बंद ठेवूनच बाहेर न्यायचा. आत आठवडाभर सडलेलं मांस असतं, आणि एकदा उघडला की त्या दिवशी घरात कुणी काम करू शकत नाही.

बाहेरचे ढीग वेगवेगळे हवेत. भिंतींचं मोडकं सामान एकीकडे, फर्निचर दुसरीकडे, फ्रीज-वॉशिंग मशीन तिसरीकडे, रंग-रसायनं वेगळी. सरमिसळ झाली तर पालिकेची गाडी ढीग तसाच सोडून जाते. ढीग विजेच्या तारेखाली किंवा झाडाखाली रचला तरी तेच होतं. वरून येणाऱ्या यांत्रिक पंजाला मोकळी जागा लागते.

गाळ ओला असतानाच काढायचा. वाळला की सिमेंटसारखा धरून बसतो. सपाट फावडी, रबरी वायपर, एकचाकी गाडा. गालिचा अख्खा ओढायचा नाही, भिजल्यावर तो चार माणसांना उचलत नाही. दोन-तीन फुटांच्या पट्ट्या कापून गुंडाळ्या करायच्या.

मग भिंती. सांगली-चिपळूणच्या माणसाला भिंत कापणं चमत्कारिक वाटेल. आपल्याकडे वीट आणि गिलावा असतो, पूर आला तरी भिंत वाळते, पोपडे पडतात, रंग काढला की झालं. तिथली बरीच घरं लाकडी सांगाड्याची. उभ्या खांबांवर आतून अर्धा इंच जाडीचा जिप्समचा तक्ता ठोकलेला, आणि पोकळीत थंडी-उष्णता अडवणारी ग्लासवूलची, म्हणजे काचेच्या तंतूंची, गादी. हा तक्ता टीपकागदासारखा पाणी वर ओढतो. घरात फूटभर पाणी आलं, तर ओल दोन फुटांवर सापडते.

म्हणून रेषेपर्यंत कापून भागत नाही. तक्ते चार फूट रुंद आणि बहुधा आडवे लावलेले. पाणी दोन फुटांच्या आत असेल तर थेट चार फुटांवर, जोडाशी कापतात. नवा अखंड तक्ता तिथे न छाटता बसतो. दोन फुटांवरच थांबलं, तर पुढे प्रत्येक खोलीत पट्ट्या जोडत बसावं लागतं आणि तो सांधा कायम दिसतो. करवतीचं पातं अर्ध्या इंचापेक्षा खोल जाता कामा नये. आत वायरी आणि नळ असतात. नवशिका हात नेमका इथेच चुकतो.

तक्ता निघाला की गादी काढायची, मग प्रत्येक खांबावरचे उरलेले खिळे आणि स्क्रू उपटायचे. कंटाळवाणं काम, पण एक खिळा राहिला तरी नवा तक्ता सपाट बसत नाही. जमिनीपासून उंच असलेल्या घरात फरशीखालची गादीही खाली उतरून ओढावी लागते. ती विसरली तर वरची खोली कोरडी दिसते आणि तळाची लाकडं महिनोन्‌महिने ओली राहतात. घर १९७८ पूर्वीचं असेल तर रंगात शिसं असण्याची शक्यता धरून चालतात. जुन्या फरश्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्याची तपासणी होईपर्यंत करवत थांबते.

बुरशीसाठी बरेच जण ब्लीच ओततात. फरशीवर ठीक, लाकडात ते खोल जात नाही, उलट लाकडाला आणखी पाणी मिळतं. अमोनियाच्या साबणात मिसळलं तर विषारी वायू होतो. त्याऐवजी तारेच्या ब्रशनं घासणं, साबणाच्या पाण्यानं पुसणं, बुरशीनाशक लावणं, आणि मग पंखे आणि हवेतली ओल शोषणारी यंत्रं लावून वाट पाहणं.

ही वाट पाहणं सगळ्यांत कठीण. घरमालकाला तंबूतून किंवा बहिणीच्या सोफ्यावरून घरी यायचं असतं, आणि लाकूड वरून कोरडं दिसत असतं. मग खिशातलं मीटर काढून दोन टोकं लाकडात रुतवतात. ओलावा पंधरा टक्क्यांच्या आसपास किंवा खाली यावा लागतो. मोजायचं खांबाच्या मध्यावर नाही, तर तळाच्या आडव्या फळीवर. ती सगळ्यांत शेवटी सुकते. कुणी घाईनं भिंत बंद केली की काही महिन्यांत नव्या रंगाखालून काळे डाग उमटतात, वास सुटतो, आणि सगळं पुन्हा उखडावं लागतं. स्वयंसेवेतून होणाऱ्या मदतीत हा दोष फार आढळतो. चांगुलपणानं लाकूड सुकत नाही.

[दृश्य: चर्चच्या तळघरात न्याहारी. लांब टेबलं, कॉफीची किटली.]

बहुतेक स्वयंसेवक आठवड्याच्या पाळीनं येतात. शनिवार-रविवारी पोचायचं, सोमवार ते शुक्रवार राबायचं, परतायचं. शेतकरी, निवृत्त शिक्षक, कॉलेजची मुलं. आमिश लोकही येतात, तेही त्याच मुळातले. ते स्वतः गाडी चालवत नाहीत, म्हणून भाड्याच्या बसनं येतात, आणि छपरावर चढले की बाकीचे बाजूला होतात! दर आठवड्याला नवे हात म्हणजे दर आठवड्याला अर्धवट काम दुसऱ्याच्या गळ्यात. तो धागा टिकवतात महिनाभर किंवा जास्त राहणारे काही जण: प्रकल्पप्रमुख, गटप्रमुख, कार्यालय सांभाळणारा आणि स्वयंपाकी. अनुभवी माणसं सांगतात, स्वयंपाकी चांगला नसेल तर प्रकल्प रडतो.

सकाळी न्याहारीनंतर छोटी उपासना. बायबलमधला उतारा, थोडे शब्द, प्रार्थना, क्वचित चार सुरांतलं वाद्याविना गाणं. ज्यांच्या घरी आज जायचं त्यांचं नाव घेऊन प्रार्थना होते. लगेच त्याच बैठकीत सुरक्षेची सूचना आणि कामाची वाटणी, मधे खंड नाही. हा क्रम मला या लोकांच्या श्रद्धेचा सगळ्यांत नेमका खुलासा वाटतो: शिडी कुठे टेकवायची हे सांगायला त्यांना प्रार्थनेतून बाहेर यावं लागत नाही.

आणि कामाचा एक भाग हत्यार खाली ठेवण्याचा. घरमालक दारात येऊन बोलू लागला, तर कुणी तरी एकानं बादली उलटी करून बसायचं आणि ऐकायचं. उपदेश नको, ‘मला समजतं’ नको. त्या दिवशी एक खोली कमी झाली तरी चालते. कशातून काय वाचलं ते सांगण्याआधी काय गेलं ते त्याला सांगायचं असतं, आणि फोटोंची पेटी बाहेरच्या ढिगात टाकायची की नाही हे त्यानंच ठरवायचं असतं.

कोणाचं घर आधी, हे मात्र प्रार्थनेवर सोडलेलं नाही. गावातल्या संस्थांची दीर्घकालीन पुनर्वसन समिती आलेले अर्ज तपासते. विमा नसलेले, वृद्ध, अपंग, एकट्या आया आधी. धर्म विचारला जात नाही. मजुरी फुकट, सामानाचे पैसे समितीच्या निधीतून आणि देणग्यांतून. नगरपालिकेचा परवाना, वायरिंग आणि नळांची तपासणी, पूररेषेच्या वर जोतं नेण्याची अट, काहीही टळत नाही. लुइझियानाच्या दलदलीच्या भागात घर खांबांवर चढवावं लागतं, आणि छप्पर भिंतीला, भिंत खांबाला धातूच्या पट्ट्यांनी बांधून घ्यावी लागते, नाही तर पुढच्या वादळात वारा छप्पर वर उचलतो.

[दृश्य: १९२० च्या दशकातली छायाचित्रं, मग मध्य भारताचा नकाशा.]

लांबचं पाहण्याची ही खोड जुनी. १९२० मध्ये मेनोनाइट सेंट्रल कमिटी स्थापन झाली ती युक्रेनमधल्या उपाशी मेनोनाइटांसाठी. १९२२ मध्ये त्यांनी तिथे अन्नछत्रं उघडली, शेजाऱ्यांनाही जेवू घातलं, आणि मग फोर्डसन बनावटीचे पन्नास ट्रॅक्टर जहाजानं पाठवले. नांगराला जुंपायला घोडे उरले नव्हते. ताटातलं अन्न एक वेळचं, नांगरट पुढच्या हंगामाची.

आपल्या शेजारीही त्यांच्या खुणा आहेत. १८९९ च्या दुष्काळात अमेरिकन मेनोनाइट धमतरीला आले. आज ते छत्तीसगडमध्ये, तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात होतं. अन्नवाटप, अनाथाश्रम, शाळा, दवाखाना असं काम वाढत गेलं. बंगालच्या १९४२ च्या वादळानंतर आणि दुष्काळात सेंट्रल कमिटी कोलकात्याला पोचली.

[दृश्य: तयार घर. दार, पायऱ्या, जमलेले लोक.]

घर पूर्ण झालं की छोटा समारंभ होतो. किल्ली दिली जाते, प्रार्थना होते, बहुधा एखादी हातानं शिवलेली गोधडी भेट मिळते. ती दूरच्या एखाद्या गावात बायकांनी मिळून शिवलेली असते, घर कुणाचं असेल हे माहीत नसताना. त्यापूर्वी पालिकेच्या निरीक्षकानं अंतिम तपासणी करून सही केलेली असते. सही नसेल तर किल्लीही नाही.

दुसऱ्या दिवशी हत्यारं मोजून ट्रेलरमध्ये भरली जातात. ओलावा मोजायचं मीटर डब्यात वरच ठेवतात, कारण यादीतल्या पुढच्या घराची तळाची फळी तपासायची असते.