मूल अडलं, तेव्हा मोठ्यांचे हात कुठे असतात?

[दृश्य: जमिनीलगत कॅमेरा. तीन वर्षांची एक मुलगी ठोकळ्यावर ठोकळा ठेवते आहे. इतर मुलांचे आवाज दुरून.]

पाचवा ठोकळा बसला. सहावा ठेवताना जिभेचं टोक बाहेर आलं, हात थरथरला, आणि सगळा मनोरा जमिनीवर आला. ती रडली नाही. मान वर करून तिने खोलीतल्या मोठ्या माणसाकडे पाहिलं.

आता त्या मोठ्या माणसाने काय करायचं? पुढे होऊन मनोरा रचून द्यायचा? “असा नाही, असा,” म्हणून दाखवायचं? गप्प राहायचं? की तिच्या शेजारी मांडी घालून, “का पडला असेल गं?” असं विचारायचं?

बालशिक्षणातली मोठी माणसं जवळजवळ दोनशे वर्षं याच प्रश्नाशी झगडत आली आहेत. त्यांनी जाड ग्रंथ लिहिले, त्यांच्या अनुयायांनी त्याहून जाड लिहिले. पण एकाची वाट दुसऱ्यापासून कुठे वेगळी होते हे बघायचं असेल, तर मी एकच खूण धरतो: मूल अडलं, तेव्हा मोठ्यांचे हात कुठे असतात.

[दृश्य: लोकरीचे सहा रंगीत चेंडू, दोऱ्याला बांधलेले.]

फ्रीड्रिख फ्रोबेल यांचा जन्म १७८२ चा, जर्मनीतल्या थुरिंगिया प्रांतातला. नऊ महिन्यांचे असताना त्यांची आई गेली. वडील धर्मोपदेशक. आईच्या मांडीवरचं खेळणं, बोटांची गाणी, झुलणं या गोष्टींना या माणसाने पुढे शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणून ठेवलं, याचं मला कधीच आश्चर्य वाटलं नाही.

१८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ग गावात त्यांनी लहान मुलांसाठी संस्था सुरू केली आणि १८४० मध्ये तिला नाव दिलं, ‘किंडरगार्टन’. मुलांची बाग. मुलं खरोखरच तिथे वाफे करत, रोपं लावत. पण फ्रोबेल यांची खरी देणगी म्हणजे त्यांच्या ‘भेटी’. पहिली भेट लोकरीचे सहा मऊ चेंडू, सहा रंगांचे. दुसरी भेट लाकडी गोल, दंडगोल आणि घन. तिसरी भेट मला सर्वांत आवडते. वरून पाहावं तर एक साधा घन. हात लावला की त्याचे आठ छोटे घन होतात. त्यांची खुर्ची करा, पायऱ्या करा, फुलाची नक्षी करा, आणि खेळ संपला की पुन्हा एकच घन. फ्रोबेल यांनी तरुणपणी बर्लिनमध्ये स्फटिकांवर काम केलं होतं. तुकड्यांत संपूर्ण आणि संपूर्णात तुकडे पाहण्याची ती नजर त्यांनी मुलाच्या मुठीत मावेल अशी करून दिली.

इथे मोठ्यांचे हात मुलाच्या हातांबरोबर असतात. मोठी व्यक्ती गाते, खेळते, एक रचना करते, मूल दुसरी करतं.

१८५१ मध्ये प्रशिया या जर्मन राज्याच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली. नास्तिक आणि समाजवादी विचार पसरवल्याचा संशय होता आणि फ्रोबेल यांच्या पुतण्याच्या लिखाणाचीही त्यात गल्लत झाली होती. पुढच्याच वर्षी फ्रोबेल वारले. बंदी उठली १८६० मध्ये, ती उठलेली त्यांनी पाहिली नाही. तोवर त्यांच्या हाताखाली शिकलेल्या स्त्रियांनी किंडरगार्टन देशोदेशी नेलं होतं. मात्र या प्रवासात एक दुःखद गोष्ट घडली. चौकटी आखलेल्या टेबलांवर, शिक्षिकेच्या सूचनेबरहुकूम, सगळी मुलं एकाच वेळी एकच ठोकळा हलवू लागली. खेळाची कवायत झाली. पुढे आलेल्या प्रत्येक विचाराच्या वाट्याला कमीजास्त प्रमाणात हेच आलं.

[दृश्य: रोममधली जुनी चाळवजा इमारत. जिना. भिंतीवरचे ओरखडे.]

रोममधली सान लोरेन्झो ही गरिबांची वस्ती. इमारती नुकत्याच दुरुस्त केलेल्या. आईबाप कामावर गेले की लहान मुलं मोकाट सुटत, भिंती खराब करत. मालकांना या मुलांना सांभाळणारं कुणीतरी हवं होतं. म्हणजे बालशिक्षणातल्या एका मोठ्या क्रांतीचं निमित्त काय, तर खराब होणारे जिने!

६ जानेवारी १९०७ रोजी तिथे ‘कासा देई बांबिनी’, म्हणजे ‘बालघर’ उघडलं. प्रमुख होत्या डॉक्टर मारिया मॉन्टेसरी. वैद्यकीची पदवी मिळून त्यांना दहाएक वर्षं झाली होती. बौद्धिक वाढीत मागे पडलेल्या मुलांसाठी त्यांनी साधनं तयार केली होती, आणि इतार व सेगँ या फ्रेंच डॉक्टरांचं काम त्यांनी बारकाईने अभ्यासलं होतं. आता तीच साधनं त्यांनी या मुलांपुढे ठेवली आणि त्या बघत राहिल्या.

हे ‘बघत राहणं’ फार महत्त्वाचं आहे, म्हणून इथे जरा थांबू.

एक तीनेक वर्षांची मुलगी. तिच्यासमोर लाकडाचा लांबट ठोकळा, त्यात वेगवेगळ्या आकाराची भोकं आणि त्यात बसणारे दट्टे. ती सगळे काढते, मिसळते, पुन्हा आपापल्या जागी बसवते. झालं की पुन्हा काढते. मॉन्टेसरींनी मोजायला सुरुवात केली. मग बाकीच्या मुलांना गाणं म्हणायला, फिरायला सांगितलं. मुलीने मान वर केली नाही. मग तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं. तिने दट्टे मांडीवर सावरले आणि काम चालू ठेवलं. चाळीसहून जास्त वेळा केल्यावर ती थांबली, प्रसन्न, झोपेतून उठल्यासारखी. कुणी शाबासकी दिली नव्हती, कुणी थांब म्हटलं नव्हतं.

एकदा मॉन्टेसरींनी मुलांना नाक शिंकरायचं कसं ते शिकवलं. रुमाल कसा धरायचा, आवाज न करता कसं शिंकरायचं. धडा संपला आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. नाकावरून ती रोज बोलणी खात होती, पण ते पुसायचं कसं हे त्यांना धडपणे कुणी दाखवलंच नव्हतं. लहान मुलाला मान हवा असतो, तो त्याला असा मिळतो.

मॉन्टेसरी पद्धतीची सगळी रचना यातून आली. मुलाच्या उंचीच्या टेबलखुर्च्या. हाताला येतील अशी उघडी कपाटं. प्रत्येक साधन खोलीत एकच, म्हणजे वाट पाहणं आपोआप आलं. दहा घनांचा गुलाबी मनोरा, सर्वांत लहान घन एक सेंटिमीटरचा, सर्वांत मोठा दहा सेंटिमीटरचा. आणि चूक दाखवण्याचं काम साधनाकडे. दट्टा चुकीच्या भोकात गेला, तर शेवटी एक दट्टा उरतो आणि एक भोक. शिक्षिकेने ‘चुकलं’ म्हणण्याची गरजच नाही. ती एकदा सावकाश, मोजक्या शब्दांत करून दाखवते, मग मागे सरते. इथे मोठ्यांचे हात आवरलेले असतात. हे हात आवरणं किती कठीण असतं ते तीन वर्षांच्या मुलाला बटण लावताना बघणाऱ्या कुणालाही विचारा.

मॉन्टेसरींशी माझं एका बाबतीत जमत नाही. गुलाबी मनोऱ्याच्या घनांची आगगाडी केलेली त्यांच्या खोलीत चालत नाही. ठोकळ्याला घोडा म्हणण्याची फ्रोबेलपंथी रीत त्यांना पटत नसे. परीकथांबद्दलही त्या साशंक होत्या, लहान मुलाची भूक खऱ्या जगासाठी असते असं त्या म्हणत. ती भूक असते हे खरंच. पण घोड्याचीही असते.

[दृश्य: लाकडी खोली, खिडकीतून ऊन. शिक्षिका कणीक मळते आहे. शेजारी मुलं.]

इथे नेमकी उलटी बाजू घेतली रुडॉल्फ स्टायनर यांनी. १९१९ मध्ये श्टुटगार्टमधल्या वाल्डॉर्फ-अस्टोरिया सिगारेट कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांसाठी त्यांनी शाळा उघडली, त्यावरून ‘वाल्डॉर्फ’ हे नाव. बालवर्ग मात्र १९२६ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर सुरू झाला. दुधाचे दात पडेपर्यंत, म्हणजे सातव्या वर्षाच्या सुमारापर्यंत, अक्षरओळख नाही. गोष्टी भरपूर, परीकथा तर हव्यातच. बाहुलीचा चेहरा जवळजवळ कोरा, कारण हसणं-रडणं मुलाने तिला द्यायचं. शिक्षिका शिकवत नाही. ती कणीक मळते, शिवते, झाडते, आणि मुलं अनुकरणातून तिच्या कामात शिरतात. हात स्वतःच्या कामात गुंतलेले! या विचारामागे स्टायनर यांचं आध्यात्मिक तत्त्वज्ञान आहे. ते सगळ्यांना पटणारं नाही, मलाही पटत नाही. पण चार वर्षांच्या मुलाला अक्षरांची घाई करू नये, हे म्हणायला ते तत्त्वज्ञान मानावं लागत नाही.

[दृश्य: कृष्णधवल छायाचित्रं. अमेरिकेतली एक शाळा, १९६० चं दशक.]

मग यातलं चांगलं कुठलं? अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, इप्सिलांटी गावात मानसशास्त्रज्ञ डेव्हिड वायकार्ट यांनी हे मोजायचं ठरवलं. १९६२ मध्ये सुरू झालेल्या पेरी प्रकल्पात गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतली १२३ मुलं होती. ५८ मुलांना बालवर्ग मिळाला, बाकीच्यांना नाही. चाळिशीपर्यंत त्यांचा मागोवा घेतला गेला. बालवर्गातली जास्त मुलं माध्यमिक शिक्षण पूर्ण करून बाहेर पडली, त्यांची कमाई जास्त राहिली आणि अटका कमी झाल्या.

वायकार्ट यांच्या पद्धतीचं नाव हायस्कोप. दिवस तीन शब्दांवर चालतो: ठरव, कर, आठव. सकाळी मूल सांगतं, “मी आज पूल करणार.” मग ते करतं. नंतर सगळे बसतात आणि काय झालं ते सांगतात. “पूल पडला. मग मी खाली मोठा ठोकळा ठेवला.” मोठ्यांचं काम विचारण्याचं, हात मदतीला तयार पण उतावीळ नाहीत.

१९६७ मध्ये वायकार्ट यांनी आणखी धाडसाचं पाऊल उचललं. ६८ मुलांचे तीन गट केले. एकाला पाठांतर आणि सूचनांवर चालणारं थेट शिक्षण, एकाला हायस्कोप, एकाला मोकळा खेळवर्ग. बुद्ध्यंक तिन्ही गटांचा वाढला! फरक दिसला तो पुढे, तरुणपणी. थेट शिक्षणाच्या गटात अटकेची प्रकरणं जास्त होती. या अभ्यासावर वाद झाले, आणि ते रास्त आहेत. एवढ्याशा मुलांवरून जगाचा निवाडा होत नाही. पण चौथ्या वर्षी पाढे घोकून घेणाऱ्यांनी निदान दचकावं, एवढं त्यात नक्की आहे.

शाळेच्या पाटीवरच्या नावावर मात्र जाऊ नये. ‘मॉन्टेसरी’ हे नाव बहुतेक देशांत कुणाच्या मालकीचं नाही. साधनं कुलपात आणि मुलं रांगेत, अशा खोलीवरही ती पाटी लागू शकते. अर्धा तास आत बसायची परवानगी मागा आणि पडलेल्या मनोऱ्याची वाट बघा.

[दृश्य: उत्तर इटली. विटांचा ढीग. सायकल.]

१९४५. महायुद्ध नुकतंच संपलंय. रेज्जो एमिलियाजवळच्या व्हिला चेल्ला या खेड्यातल्या लोकांनी जर्मन सैन्याने मागे टाकलेला एक रणगाडा, काही ट्रक आणि घोडे विकले. त्या पैशांतून मुलांसाठी शाळा बांधायची! बॉम्बने पडलेल्या घरांच्या विटा गोळा केल्या, नदीवरून वाळू आणली. लोरिस मालागुझ्झी हा पंचविशीचा शिक्षक ही बातमी ऐकून सायकलवर तिथे पोचला, तेव्हा बायका विटा साफ करत होत्या. तो त्यांच्याबरोबर राहिला तो कायमचा. १९६३ मध्ये रेज्जोच्या नगरपालिकेने स्वतःची पहिली बालशाळा उघडली.

मालागुझ्झी म्हणत, मुलाला शंभर भाषा असतात. चित्र, माती, सावली, तार, नाच, बोलणं. म्हणून प्रत्येक शाळेत चित्रकर्मशाळा आणि तिथे काम करणारा कलावंत. आणि मोठ्यांच्या हातात? वही, पेन, कॅमेरा. मुलं काय म्हणाली ते जसंच्या तसं टिपायचं, संध्याकाळी त्यावर एकत्र बसून विचार करायचा, भिंतीवर मांडायचं.

तिथल्या डायना शाळेतल्या मुलांना एक टेबल हवं होतं, वर्गातल्या टेबलासारखंच. सुतार म्हणाला, मापं द्या. मुलांनी बोटांनी मोजलं, वितीने मोजलं, डोकं टेकवून मोजलं. प्रत्येकाचं माप वेगळं! मग त्यांनी कागदाच्या पट्ट्या करून त्यावर आपल्या मनाने आकडे लिहिले. तेही जुळेना. शेवटी एका मुलाचा बूट ठरला. सगळ्यांनी त्याच बुटाने मोजायचं. शिक्षिकांना टेप हातात देऊन दहा मिनिटांत हे संपवता आलं असतं. त्यांनी दिवसेंदिवस वाट पाहिली, प्रत्येक वाक्य लिहून घेतलं. मुलं बुटावरून मीटरपर्यंत चालत आली, आपापली.

[दृश्य: मुलांच्या हाताने काढलेलं टेबलाचं चित्र, कडेला आकडे.]

मग मापांसकट चित्र काढलं आणि सुताराकडे पाठवलं. त्याने त्यावरून टेबल केलं.