पाटाच्या काठाने

नमस्कार श्रोतेहो.

भातं कापून झाली की आपल्याकडे व्हाळांवर बांध पडायला लागतात. दगड रचायचे, फटींत पालापाचोळा आणि चिखल ठोसायचा आणि अडलेलं पाणी पाटाने कुळागरात, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेत न्यायचं. त्या पाटाच्या काठाने एक पायवाट असतेच. कोणी मुद्दाम केलेली नसते. पाणी फुटलं का, कोणी मध्येच वळवलं का, हे बघायला रोज फेरी मारावी लागते, तिचीच वाट होते. आणि पाटाला उतार बेताचा, म्हणून त्या वाटेलाही बेताचा. आमच्यासारख्या गुडघे धरलेल्या माणसांना कोकणात धाप न लागता चालायची एवढी एकच जागा राहिली आहे, असं माझं मत आहे.

हे सांगायचं कारण, लेकीकडे कॅलिफोर्नियात गेलो होतो तेव्हा तिने मला अशाच एका वाटेवर नेलं. नदीचं नाव साऊथ युबा. सिएरा नेवाडाच्या डोंगरांतून उतरते, हिरवंगार पाणी, हत्तीएवढाले गुळगुळीत धोंडे. सगळा मुलूख सोन्याच्या खाणींचा. 1848 च्या जानेवारीत तिथून जवळच, अमेरिकन नदीकाठी कोलोमा इथे एका लाकूड-गिरणीच्या पाटात सोन्याचे कण सापडले आणि पुढच्या वर्षी जगभरातून माणसं लोटली. तोवर त्या डोंगरांत निसेनान लोक राहत होते. त्यांचं पुढे काय झालं असेल ते मी वेगळं सांगायला नको.

पहिल्यांदा नदीतली वाळू ताटलीत घोळवून सोनं मिळे. ते सरलं. मग 1853 च्या सुमारास कोणाच्या तरी डोक्यात आलं की डोंगरालाच पाण्याने धुवावं. तोफेसारखी लोखंडी नळी, तिच्यातून जोराची धार, आणि समोरची अख्खी दरड चिखल होऊन खाली. पण धारेला जोर यायचा तर पाणी उंचावरून हवं, आणि ते वर्षभर हवं. म्हणून त्यांनी डोंगराच्या कुशीकुशीने मैलोगणती पाट काढले. जिथे घळ आडवी आली तिथे लाकडी पन्हळ, खाली उंचच उंच टेकू. आपण पोफळीची पन्हळ करून व्हाळ ओलांडतो ना, तेच, फक्त बैलगाडी जाईल एवढं रुंद.

माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात लेव्हल लावण्यात, म्हणजे दुर्बिणीतून उतार मोजण्यात गेली, त्यामुळे मी झाडं बघायची सोडून पाटाचा उतारच बघत बसलो. त्यांची दुर्बीण आपल्या हातातल्यापेक्षा साधी असणार, आणि तरी उतार कुठे चुकला नव्हता. खालच्या अंगाला चुना-सिमेंटाशिवाय रचलेला दगडी गडगा, अजून जागच्या जागी. मी एक दगड हलवून पाहिला. हलला नाही.

खाणी बंद पडल्या, पाट ओस पडले. 1969 साली जॉन ओल्मस्टेड नावाच्या निसर्गप्रेमी माणसाला हा झुडपांत बुडालेला पाट दिसला. त्याच्या एका मित्राला चालता येत नव्हतं. चाकाच्या खुर्चीत बसून हात लांबवला तर रानफुलं हाताला लागावीत, अशी सपाट रानवाट मला शोधून दे, असं त्या मित्राने म्हटलं होतं. आणि इथे ती आयतीच होती. पाटाच्या तळातून खुर्ची जाते, वरच्या बांधावरून पायी चालणारी माणसं जातात. पन्हळींच्या जागी लाकडी साकव घातले. नाव ठेवलं इंडिपेंडन्स ट्रेल. 2020 च्या ऑगस्टमध्ये वणवा आला आणि त्यातले बरेच साकव जळून गेले. पुन्हा उभारायचं काम त्यांनी हाती घेतलं. आपल्याकडे साकव पुरात गेला की पुढची किती वर्षं मुलं वळसा घालून शाळेत जातात, ते तुम्हाला ठाऊक आहे, मी बोलत नाही.

पण श्रोतेहो, ती वाट बघून भारावून जाऊ नका. त्या डोंगरातून धुतलेली माती गेली कुठे? नदीत. नदीचं पात्र भरत गेलं, एवढं की खाली मेरीसव्हिल गावाच्या रस्त्यांपेक्षा नदीचा तळ उंच झाला. पूर आला की शेतांवर गाळ. शेतकऱ्यांनी ओरड केली, खाणवाल्यांनी कानाडोळा केला, शेवटी प्रकरण कोर्टात गेलं. 7 जानेवारी 1884 ला न्यायाधीश लॉरेन्झो सॉयर यांनी निकाल दिला : खाणीचा गाळ नदीत सोडायचा नाही. सोनं काढू नका असं ते म्हणाले नाहीत. पण गाळ सोडता येत नाही म्हटल्यावर तो धंदाच आटोपला. उरलेला गाळ अडवायला 1941 साली युबावर एंगलब्राइट धरण बांधावं लागलं. धरण पाणी साठवायला बांधतात हे मला ठाऊक होतं. चिखल साठवायला बांधलेलं मी तेव्हाच पाहिलं.

आणि पारा. सोन्याचे बारीक कण धरायला चरांत पारा ओतत, त्यातला खूपसा वाहून गेला. आजही त्या पाण्यातले मासे किती खावेत, याच्या सूचना सरकार देतं. गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी तर जास्तच जपायचं. आपण मासे खाणारी माणसं, तेव्हा मला पहिलं हेच लागलं. एवढं नितळ पाणी, आणि त्यातला मासा मोजून खायचा!

नातवाने नदीकाठी ताटली घेऊन वाळू घोळवली. तिथे हात आणि ताटली, एवढ्यावर परवानगी आहे, यंत्र चालत नाही. पाणी एवढं गार की बोटं बधिर होतात. गोल गोल फिरवत वरची हलकी वाळू पाण्याबरोबर सोडून द्यायची, जड ते तळाला राहतं. त्याच्या ताटलीत चिमूटभर काळी वाळू राहिली. सोन्याबरोबर हीच राहते, कारण तीही जड. पिशवीतला लोहचुंबक धरला तर टपाटप चिकटली. पोरगं हिरमुसलं. मी म्हटलं, बाळा, रत्नागिरीला चल, काळबादेवीच्या पुळणीवर काळ्या वाळूचे पट्टेच्या पट्टे दाखवतो.

आता आपल्या खाणीकडे येतो. आपलं सोनं म्हणजे लोखंड. वेंगुर्ला तालुक्यात रेडीला जा. जमीन कापून काढलेली, लाल पायऱ्यापायऱ्यांची, खड्ड्यांत पाणी. 1976 साली खाणीत खोदताना सापडलेला द्विभुज गणपती बघायला लोक गाड्या भरभरून येतात, नमस्कार करतात आणि मागे न बघता परत जातात. मागे खाण आहे. शेजारी यशवंतगड आहे, वडांच्या मुळांनी आवळलेला. थोडं दक्षिणेला तेरेखोलची खाडी. ही नदी बांद्यावरून वाहत येते, आरोंद्याकडे रुंद होते आणि पलीकडे गोवा. तेरेखोलचा किल्ला तेवढा अलीकडच्या काठावर असून गोव्याच्या हद्दीत, इतिहासाची गंमत आहे.

या सगळ्याला जोडणारी एक धड पायवाट का नसावी? गड, खाण, खाडी. दगड कुठून निघाला, बंदराला कसा गेला, माती कुठे गेली, हे जागोजागी लिहिलेलं. मला शोभेची वाट नको आहे, बाकडी आणि सेल्फीची कमान तर नकोच. 2021 च्या जुलैत दोडामार्ग तालुक्यात कळण्याला खाणीचा बांध फुटला आणि लाल चिखल घरांत, बागायतीत घुसला. मेरीसव्हिलच्या शेतकऱ्याला हे सांगितलं असतं तर त्याने नुसती मान डोलवली असती. अशा गोष्टी त्या पाटीवर लिहायला हव्यात, माणसांची भाषा बदलून नव्हे, त्यांच्याच तोंडच्या शब्दांत.

पाटी लागेपर्यंत जायचं असेल त्यांनी पाऊस सरल्यावर जावं, सकाळी लवकर, पाणी बरोबर घेऊन. तेरेखोलखालून केरीला फेरीबोट मिळते, त्यामुळे आल्या वाटेने परतायची गरज नाही. खाणीच्या खड्ड्याच्या काठावर मात्र उभं राहू नका. वरून टणक दिसते, पण ती लाल माती पावसाने आतून पोखरलेली असते. आणि गावातला एखादा जाणता बरोबर घ्या, पूर्वी खाणीचा माल वाहणाऱ्या टिपरवर काम केलेला मिळाला तर उत्तम.

नमस्कार.