सोयाबीनमधलं पाणी आणि व्यवस्थापनाची पदवी

मित्रांनो, सामाजिक संस्थेत चार-पाच वर्षं काम झालं की अनेकांच्या मनात एमबीएचा विचार येतो. हुद्दा आणि पगार वाढावा ही इच्छा रास्तच आहे. पण पदवीचं नाव घेण्याआधी आपण एक हिशेब मांडू.

एक शेतकरी उत्पादक कंपनी घ्या, म्हणजे शेतकरीच जिचे सभासद आणि मालक असतात अशी कंपनी. आकडे उदाहरणासाठी धरले आहेत. कंपनीनं सभासदांकडून 500 क्विंटल सोयाबीन 4,500 रुपयांनी घेतलं, म्हणजे साडेबावीस लाख गुंतले. तेलगिरणीशी 4,700चा सौदा ठरला. क्विंटलमागे दोनशे सुटणार, म्हणून संचालक मंडळ लाखभर नफा धरून बसतं. हमाली, बारदाना, गाडीभाडं मिळून क्विंटलला शंभर रुपये जातात. पन्नास हजार संपले. शेतकऱ्याला रोख द्यावं लागतं, गिरणी मात्र 45 दिवसांनी पैसे सोडते. 12 टक्क्यांनी त्याचं व्याज 33 हजार. उरले सतरा. आणि माल आला तेव्हा त्यात 14 टक्के ओलावा होता, गिरणीला 12 हवा. सुकवल्यावर 500 क्विंटलचे 488.6 भरतात. त्या सव्वाअकरा-साडेअकरा क्विंटलचे 53 हजार हवेत गेले. नफा दूरच, छत्तीस हजारांचा खड्डा पडला, आणि यात कुणी एक पैसाही खाल्लेला नाही.

वार्षिक लेखापरीक्षणात हा तोटा दिसतो, पण तो कुठे झाला हे दिसत नाही. गावात मात्र कुजबुज सुरू होते. प्रामाणिक माणसांच्या कंपन्या अशा मोडतात, याचं मला फार वाईट वाटतं. परिव्यय लेखांकन (कोणत्या कामाला नेमका किती खर्च येतो याचा हिशेब), खेळतं भांडवल आणि कामकाज व्यवस्थापन हे तीन विषय नीट शिकलेला माणूस हा खड्डा खरेदीच्या आदल्या दिवशीच दाखवू शकतो.

उपाय मात्र निव्वळ वर्गातून येत नाही. पदवी घेऊन थेट आलेला व्यवस्थापक ओल्या मालाचे पैसे कापतो. सभासदाला ती व्यापाऱ्याची कट्टीच वाटते आणि पुढच्या खेपेला तो बाजार समितीत जातो. मॉइश्चर मीटर काट्याशेजारी हवा, आकडा शेतकऱ्यानं स्वतः वाचायला हवा, आणि ओलाव्याप्रमाणे दराचा तक्ता खरेदीआधीच लागलेला हवा. हे ज्याला सुचतं त्यानं आधी गावात काम केलेलं असतं. म्हणून निदान तीन वर्षं काम करून मगच शिकायला जा.

कुठे जायचं? गुजरातमधल्या आणंदची इर्मा ही ग्रामीण व्यवस्थापन संस्था 1979 साली वर्गीस कुरियन यांच्या पुढाकारानं उभी राहिली. 2025मध्ये ती त्रिभुवन सहकारी विद्यापीठाचा भाग झाली. तिथल्या ग्रामीण व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात गावात राहून करायचं काम असतं. मुंबईच्या टिसमध्ये, म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत, सामाजिक उद्योजकतेचा अभ्यासक्रम आहे. सर्वसाधारण एमबीए करत असाल तर वैकल्पिक विषय निवडताना 'सामाजिक' नावाच्या विषयांना भुलू नका. ते क्षेत्र तुम्हाला ठाऊक आहे. वित्त आणि पुरवठा साखळी घ्या, अवघड गेली तरी.

अनुदानावर चालणाऱ्या संस्थांनाही याची तितकीच गरज आहे. परदेशी देणग्यांतून प्रशासकीय खर्चाची मर्यादा परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या (एफसीआरए) 2020च्या दुरुस्तीनं 50 टक्क्यांवरून 20वर आली. कोणता खर्च प्रकल्पाचा आणि कोणता कार्यालयाचा, ही विभागणी वर्षाच्या सुरुवातीलाच अंदाजपत्रकात करावी लागते. मार्चमध्ये व्हाउचर चाळत बसून ती जमत नाही.

आता कर्ज. 15 लाख, 10 टक्के, दहा वर्षं: हप्ता साधारण 19,800 रुपये. शिकत असताना हप्ता नसतो, पण व्याज चढतच राहतं. ते भरलं नाही तर मुद्दल फुगतं आणि हप्ता याहून वाढतो. जुन्या करप्रणालीत शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट आठ वर्षांपर्यंत मिळते, मुद्दलाची नाही. पदवीनंतर संस्थेत पन्नास हजार मिळणार असतील तर त्यातले चाळीस टक्के हप्त्यात जातील. नोकरीत राहून करायचे अभ्यासक्रम अशा वेळी विचारात घ्या. प्रवेशाआधी कॉलेजला सरासरी पगार विचारू नका. दोन-चार मोठ्या पगारांनी सरासरी चढते. मध्यक, म्हणजे सगळे पगार क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा आकडा विचारा, आणि विकास क्षेत्रात गेलेल्या विद्यार्थ्यांचा वेगळा काढून मागा.