कंडक्टरच्या हाती दिलेली चिठ्ठी : व्हर्च्युअल मशीनमधून फर्मवेअरला निरोप

(रत्नागिरीत सर्व्हर सांभाळणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

गणपतीचे पाच दिवस ऑफिसला कुलूप असतं आणि तुम्ही दापोलीच्या घरून एसएसएचने, म्हणजे दुरून आज्ञा टाइप करून, मशीन सांभाळत असता. होस्ट, म्हणजे व्हर्च्युअल मशीन ज्याच्यावर चालतं तो खरा सर्व्हर, दुसऱ्याच्या ताब्यात; तुमच्याकडे फक्त गेस्टचं, म्हणजे आतल्या व्हर्च्युअल मशीनचं, रूट (सर्वाधिकार). मशीन एकदाच, फक्त पुढच्या वेळी, रेस्क्यू डिस्कवरून उठवायचं आहे. हे फर्मवेअरला, म्हणजे मशीन उठताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमला, सांगायचं कसं?

यूईएफआय या आजच्या फर्मवेअरच्या पद्धतीत कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) चालू असताना फर्मवेअर जवळजवळ निजलेलं असतं. रनटाइम सर्व्हिसेस नावाची एक छोटी खिडकी तेवढी उघडी राहते. त्या खिडकीतून व्हेरिएबल, म्हणजे फर्मवेअर जपून ठेवतं अशी नाव दिलेली छोटी माहिती, लिहायचं आणि रीबूट करायचं. आपल्याकडे एसटीच्या कंडक्टरच्या हाती चिठ्ठी देतात, तसा हा प्रकार. गाडी पुढच्या फेरीला गेली की चिठ्ठी पोचेल, उत्तरासाठी थांब्यावर उभं राहण्यात अर्थ नाही.

आपल्या कामाची चिठ्ठी म्हणजे बूटनेक्स्ट, ‘पुढच्या वेळी या नोंदीवरून उठ’ असं सांगणारं व्हेरिएबल. एफिबूटएमजीआर ही लिनक्समधली आज्ञा नुसती चालवली की बूटच्या नोंदींचे आकडे दिसतात. रेस्क्यू डिस्कची नोंद ०००३ असेल तर त्याच आज्ञेला लहान ‘एन’चा पर्याय आणि ०००३ द्यायचं. आत काय घडतं ते एकदा जवळून बघा. लिनक्स ही व्हेरिएबलं सिस-फर्मवेअर-ईएफआय-ईएफआयव्हार्स या डिरेक्टरीत फाइली म्हणून दाखवतं. बूटनेक्स्टच्या फाइलीत मोजून ६ बाइट असतात : ०७ ०० ०० ०० ०३ ००. पहिले चार गुणधर्मांचे. त्यातला ७ म्हणजे कायम साठवा, बूटच्या वेळी दिसू द्या आणि रनटाइमलाही दिसू द्या. उरलेले दोन नोंदीचा आकडा, खालचा बाइट आधी. हाताने लिहायचं झालं तर सहाही बाइट एकाच राइटमध्ये गेले पाहिजेत. तुकड्यातुकड्याने लिहिलंत तर कर्नल प्रत्येक तुकड्याचे पहिले चार बाइट गुणधर्म समजतो आणि सगळं फसतं. अनोळखी व्हेरिएबलांवर लिनक्स ४.५ पासून ‘बदलू नका’ची खूण असते, ती आधी सीएचएटीटीआर या आज्ञेने काढावी लागते. डिरेक्टरी पुसण्याच्या नादात खऱ्या लॅपटॉपची फर्मवेअरं कायमची मेली, म्हणून ही खबरदारी आली.

खऱ्या मशीनवर ते बाइट मदरबोर्डच्या फ्लॅश चिपमध्ये जातात. क्यूएमू या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तशी चिपच नाही. तिथलं यूईएफआय फर्मवेअर म्हणजे ओव्हीएमएफ, ते दोन फाइलींत येतं, कोड आणि व्हार्स. कोडची फाइल केवळ वाचण्याची, सगळ्या मशीनना एकच चालते. व्हार्सची मात्र प्रत्येक मशीनला स्वतंत्र प्रत हवी. दोन्ही पी-फ्लॅश (फ्लॅश चिपची नक्कल) म्हणून जोडायच्या, कोड आधी, व्हार्स नंतर. गेस्टने फ्लॅशवर लिहिलं की क्यूएमू ते मध्येच पकडतं आणि होस्टवरच्या फाइलीत उतरवतं. म्हणजे तुमची चिठ्ठी ही होस्टवरची एक साधी फाइल आहे. बहुतेक भानगडींचं मूळ इथेच सापडतं.

कुणी उरकण्यासाठी पी-फ्लॅशऐवजी ‘बायोस’ पर्यायाने ओव्हीएमएफची एकत्र फाइल दिली असेल, तर व्हेरिएबलं मेमरीत राहतात. नुसतं रीबूट केलंत तर चिठ्ठी पोचते, पण मशीन पुरतं बंद करून चालू केलं की गेली. चाचणीत चाललं आणि कामाच्या दिवशी नाही, अशी तक्रार आली की आधी हे तपासा.

चार मेगाबाइटच्या ओव्हीएमएफची व्हार्स फाइल ५,४०,६७२ बाइटची असते, म्हणजे ५२८ किलोबाइट. त्यातले व्हेरिएबलांसाठी फक्त २५६ किलोबाइट. बरोबर निम्मी जागा, २६४ किलोबाइट, राखीव आहे. लिहिता लिहिता वीज गेली तर जुनी प्रत शाबूत राहावी म्हणून ती. पावसाळ्यात आपल्याकडे लाइन कशी जाते ते मी सांगायला नको. पण ही राखीव जागा गेस्टपुरतंच बघते. होस्टच्या कॅशमध्ये पडलेले बाइट डिस्कवर उतरायच्या आत होस्टच गेला, तर तिचा उपयोग नाही. होस्टला यूपीएस हवा आणि यूपीएसने सांगितलं की रीतसर बंद होण्याची सोयही हवी. दोन मेगाबाइटच्या जुन्या बांधणीची व्हार्स फाइल १२८ किलोबाइटची. ती नव्या कोडला लावू नका, पडदा काळाच राहील.

सगळ्यात जास्त डोकं खातं ते बूटऑर्डर, म्हणजे नोंदींचा कायमचा क्रम. गेस्टमधून क्रम बदलता, तो बदललेला दिसतो, आणि रीबूटनंतर पुन्हा मूळपदावर. फर्मवेअरकडे दुसरीकडूनही डाक येते, हे त्याचं कारण. क्यूएमू एफडब्ल्यू-सीएफजी नावाच्या वाटेने होस्टचा निरोप आत सोडतं. एक्स-८६ प्रोसेसरवर कोणती नोंद हवी ते सांगायचं पोर्ट हेक्स ५१०, तिचा डेटा मिळतो ते ५११. त्यात ‘बूटऑर्डर’ नावाची फाइल असली की ओव्हीएमएफ दर बूटला आपली यादी तिच्याप्रमाणे नव्याने लावतं. होस्टवर मशीनांची व्यवस्था बघणाऱ्या लिबव्हर्टच्या एक्सएमएल फाइलीत बूटचा क्रम लिहिलेला असतो, तोच हा. मालकाने सांगितल्यावर भाडेकरूचं कोण ऐकतो! म्हणून कायमचा क्रम होस्टकडून बदलून घ्या आणि एकदाच्या कामाला बूटनेक्स्ट वापरा, ते या यादीच्या बाहेरचं आहे. एफडब्ल्यू-सीएफजीने उलट निरोप धाडायचा विचार सोडा. डेटा पोर्टवर लिहिणं क्यूएमू २.४ पासून बंद आहे, आणि डीएमएने (पोर्ट टाळून थेट मेमरीतून) लिहिता येतं ते क्यूएमूने मुद्दाम मोकळ्या ठेवलेल्या मोजक्या नोंदींपुरतंच.

फर्मवेअरच्या सेटिंगच्या पडद्यावर जायचं असेल तर ओएस-इंडिकेशन्स या व्हेरिएबलचा सर्वांत खालचा बिट. सिस्टमसीटीएल रीबूटला ‘फर्मवेअर-सेटअप’ जोडलं की तो लागतो. विंडोज गेस्टमध्ये शटडाउनला आर आणि एफडब्ल्यू हे पर्याय. पण तो पडदा मशीनच्या स्वतःच्या कन्सोलवर उमटतो, एसएसएचवर नाही. दापोलीत बसून हे केलंत तर होस्टवाल्याचा फोन लागेपर्यंत मशीन तिथेच उभं.

‘जागा शिल्लक नाही’ अशी चूक आली तर डिस्क बघू नका. कर्नल कोसळताना लॉगचे तुकडे याच व्हेरिएबलांत कोंबले जातात. ‘डंप’ने सुरू होणाऱ्या फाइली काढा, रीबूट करा, मग लिहा. पाचेक किलोबाइट मोकळे ठेवण्याचा कर्नलचा दंडक आहे, त्यामुळे थोडी जागा दिसत असूनही नकार मिळतो.

व्हार्स फाइल बॅकअपमधून हमखास सुटते. नुसती डिस्क परत आणली तर लिबव्हर्ट कोरी व्हार्स देतं, त्यात तुमची एकही नोंद नसते. अशा वेळी फर्मवेअर डिस्कवर ईएफआय-बूट फोल्डरात बूटएक्स६४ शोधतं. तिथे फाइल असेल तर नशीब, नाहीतर फर्मवेअरच्या शेलचा पिवळा प्रॉम्प्ट.

चिठ्ठी पोचली का, हे उठल्यावर कळतं. एफिबूटएमजीआर पुन्हा चालवा. बूटनेक्स्ट नाहीसं आणि बूटकरंट (आत्ता ज्या नोंदीवरून उठलं तिचा आकडा) ०००३ असेल तर काम झालं. बूटनेक्स्ट नाहीसं पण बूटकरंट वेगळं, तर बहुधा फर्मवेअरने चिठ्ठी वाचली पण त्या नोंदीवरून बूट जमलं नाही : डिस्क काढलेली असेल किंवा पार्टिशनचा ओळखक्रमांक बदललेला असेल. आणि बूटनेक्स्ट जसंच्या तसं असेल, तर गाडी त्या गावाला गेलीच नाही. कुणीतरी के-एक्झेकने थेट नवा कर्नल चढवला आणि फर्मवेअरला उठवलंच नाही. अशा वेळी ते बूटनेक्स्ट आधी पुसून टाका, नाहीतर पुढे कधीतरी लाइन जाऊन आली की मशीन भलत्याच दिवशी रेस्क्यू डिस्कवर उठेल.