समोरच्याकडे बाण आहे का?

(कुरू, जुनं चित्रीकरण)
४ जून १९९६, फ्रेंच गयाना. एरियन-५ रॉकेटचं हे पहिलंच उड्डाण. धुराच्या रेषेवर नजर ठेवा. सदतीस सेकंदांपर्यंत सगळं सरळ चाललंय. आता… कललं.

(निवेदन नाही. स्फोटाचं दृश्य पूर्ण चालू द्यावं.)

दिशा मोजणारा प्रोग्रॅम एरियन-४वरून उचललेला. तिथे तो नीट चालत होता. या रॉकेटचा आडवा वेग जास्त, त्यामुळे आकडा सोळा बिटांत मावला नाही आणि प्रोग्रॅम बंद पडला. बंद पडताना त्याने बिघाडाची खूण पाठवली. मुख्य संगणकाने ती उड्डाणाचं माप म्हणून वाचली आणि नोझल, म्हणजे जळता वायू बाहेर फेकणारी तोंडं, वळवले. क्लस्टर मोहिमेचे चार उपग्रह गेले.

(फळा, खडू, हात)
२००१मध्ये लूका दे अल्फारो आणि थॉमस हेन्झिंगर यांनी इंटरफेस ऑटोमाटा मांडले: प्रोग्रॅमचे भाग एकमेकांशी कसे बोलतात, ते दाखवणारी चित्रं. काढायला इतके सोपे, की खडू पुरतो. गोल म्हणजे अवस्था, बाण म्हणजे संदेश. उद्गारचिन्ह असेल तर पाठवला, प्रश्नचिन्ह असेल तर घेतला.

डावीकडे निरोप पोचवणारा भाग. वाहिनीकडून, म्हणजे निरोप नेणाऱ्या मार्गाकडून, नकार आला तर तो पुन्हा पाठवून बघतो. दुसऱ्यांदाही नकार आला, की सांगतो, ‘जमलं नाही.’ उजवीकडे त्याला काम सांगणारा भाग. तो फक्त ‘झालं’ची वाट बघतो. आता दोन्ही चित्रं एकत्र चालवू. नकार… पुन्हा नकार… ‘जमलं नाही’ निघालं, आणि उजवीकडे ते घ्यायला बाणच नाही. खडू थांबला. इथे फुली.

एवढ्यावरून दोघांना नापास करता आलं असतं. पण या मॉडेलचा प्रश्न मला फार समंजस वाटतो: हे दोघे नीट चालतील अशी एखादी तरी परिस्थिती आहे का? आहे. लागोपाठ दोन नकार न देणारी वाहिनी. म्हणून फुलीपासून मागे पुसत यायचं. जिथून हे भाग, बाहेरून काही न येता, आपल्याच बाणांनी फुलीवर पोचू शकतात, ते सगळे गोल पुसायचे. पहिला गोल शाबूत राहिला, तर भाग जुळतात. फळ्यावर उरलं, तो वाहिनीसाठीचा करार. जोडणीआधी, कागदावर.

आकडा मावेल का, हे या चित्रात दिसत नाही. ते वेगळं तपासावं लागतं. पाठवलेलं घ्यायला समोर कुणी आहे का, ते मात्र इथे लख्ख दिसतं.

(हात उजव्या चित्राकडे)
आणखी एक बाण. ‘जमलं नाही.’ त्यापुढे प्रश्नचिन्ह.